चौदा सराटे

अण्णांनी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबली आणि पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं. एका जागी बुडबुडे आले तर माणूस तिथं बोट ठेवतो. इथं बोटं संपली. त्यांनी ट्यूब टीचभर पुढं सरकवली, परत दाबली, परत तेच. शेवटी कानामागची पेन्सिल काढली, जिभेला लावली आणि एकेका भोकावर फुली मारत गेले. मग फुल्या मोजल्या. चौदा.

"सर, ही ट्यूब न्हाई, चहाची गाळणी हाय."

मी गप्प. कारंब्याच्या माळावरून अडीच तास सायकल ढकलत आलेल्या माणसाकडे विनोदबुद्धी उरत नाही.

"टायर बघितला का तुमी?" म्हणत त्यांनी टायर उलटा केला आणि आतून बोट फिरवायला लागले. अंगठ्याला टोचलं की थांबायचं, बारीक चिमट्यानं काटा बाहेर काढायचा, पायरीवर मांडायचा. माळावर ज्याला आपण सराटा म्हणतो त्याचं फळ वाळलं की फुटतं आणि पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन ताठ काटे, शिवाय एखाद-दोन बारके. त्याची घडणच अशी की कसाही टाका, एक काटा आभाळाकडे राहणारच. पावसाळ्यात त्याचीच नाजूक पिवळी फुलं जमिनीला चिकटून पसरलेली असतात. तेव्हा मी त्यांचे फोटो काढले होते.

त्या दिवशी मी टायरमध्ये २२ पीएसआय हवा भरून गेलो होतो. का, तर व्हिडिओत एका गोऱ्या माणसानं सांगितलं होतं. मऊ माती, झाडांची मुळं, ओले दगड. हवा कमी ठेवा, टायर जमिनीला धरून राहतो. त्याचं खरं होतं. फक्त त्याचा टायर ट्यूबलेस होता, वजन माझ्यापेक्षा पंधरा किलोनं कमी होतं आणि त्याच्या जंगलात सराटा नव्हता.

सोलापुरात माउंटन बाइक घेतली म्हटल्यावर पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात. मित्रानं तर पेढा तोंडात असतानाच विचारला, "डोंगर कुठंय बे?" प्रश्न चोख आहे. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, आणि कुठल्याही दिशेला निघा, तासभर तरी सायकलचं नाक वर होत नाही. बालाघाटची रांग गाठायची तर तुळजापूरचा घाट, म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर डांबर तुडवल्यावर. पण घाटात ट्रक असतात आणि मला ट्रकची हौस नाही. मला माळ हवा होता. मुरमाच्या गाडीवाटा, ओढ्याकाठच्या पांदी, हिप्परगा तलावाच्या बाजूच्या पायवाटा. हा तलाव कागदोपत्री एकरुख, इंग्रजांच्या काळात १८७१ मध्ये बांधलेला, आणि हिवाळ्यात तिथं पट्टकादंब उतरतात. उत्तरेला बार्शी रोडनं वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज. तिथलं माळढोकचं अभयारण्य १९७९ पासूनचं. त्याच्या आत सायकल घालायची नाही हे मी ठरवून टाकलंय. बाहेरच्या वाटांवरही मळलेली वाट सोडत नाही, कारण टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात आणि अंड्यांचा रंग मुरमाचाच असतो. चाकाखाली गेली तर कळणारसुद्धा नाही. आणि काळवीट बघायला आत जायची गरजही नसते. थंडीत सकाळी सातला ज्वारीच्या कडेला ती उभीच असतात. मान वर करून आधी चेनचा आवाज ऐकतात, मग जातात.

या वाटा कुणी सायकलसाठी केलेल्या नाहीत. शेळ्यांनी केल्यात, बैलगाड्यांनी केल्यात, विहिरीवर जाणाऱ्या बायकांनी केल्यात. त्यामुळे त्यांना वळणं का आहेत ते शेळीलाच माहीत.

अण्णांचं दुकान म्हणजे पूर्व भागात एका पॉवरलूमच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड. मागं मागांचा खडखडाट, पुढं हवा भरायचा पंप. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, पोऱ्याला शिव्या दखनीत. चाळीस वर्षं ते काळ्या सायकली दुरुस्त करतायत. माझी सायकल पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, पुढचं चाक धरणारा फोर्क दोनदा दाबून बघितला आणि विचारलं, "ही सीट कुणी बसवली?"

"मीच."

"दोन्ही पाय टेकवायला?"

होय. लहानपणी बाबांच्या चोवीस इंची सायकलवर हाफ पायडल मारत शिकलेल्या माझ्या पिढीला सीटवर बसून दोन्ही टाचा जमिनीला लागणं म्हणजे मोठं सुख वाटतं. त्या सुखाची किंमत गुडघे देतात. वीस किलोमीटर झाले की गुडघ्याच्या वाटीखाली कुणीतरी स्क्रूड्रायव्हर फिरवतंय असं वाटायचं आणि मी ते वयावर ढकलत होतो.

अण्णांनी मला भिंतीला धरून सायकलवर बसायला लावलं. पायडल तळाला, त्यावर टाच. "पाय सरळ झाला पायजे. झाला का? न्हाई झाला." सीट चढली. परत टाच. परत चढली. तिसऱ्यांदा पाय सरळ झाला तेव्हा मी खाली बघितलं आणि पोटात गोळा आला. टाचेनं पाय सरळ होतो म्हणजे चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडी मोड राहते, आणि तेवढीच हवी असते. घरी येऊन मी आकडेमोड केली. तीनदा तूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावानं एक सूत्र प्रसिद्ध आहे: अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्या, त्याला ०.८८३ नं गुणा; दोन्ही पायडलच्या दांड्या जिथं फिरतात त्या मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवा. माझं माप ७९ सेंटिमीटर, म्हणजे उत्तर ६९.८. टेप लावली. अण्णांची सीट ६९.५ वर होती. माळावर जाताना मी ती दोन बोटं खाली घेतो, कारण खड्ड्यात चाक गेलं की ढुंगण उचलून मागं सरकायला जागा लागते. डांबरावर आलो की परत वर. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि पहिले सहा महिने मी ते आळसापायी केलं नाही.

ब्रेकचं मात्र पडल्याशिवाय कळलं नाही.

काळ्या रानातून जाणारी एक वाट होती. पावसाळ्यात तिथून ट्रॅक्टर गेलेला, चाकांनी चिखलात खोल चाकोऱ्या पाडलेल्या, आणि आता त्या वाळून सिमेंट झालेल्या. डोक्यातली चाकोरी मोडायच्या गप्पा आपण खूप मारतो. जमिनीवरची अशी धरून ठेवते की हँडल वळतं पण सायकल वळत नाही. पुढचं चाक चाकोरीत उतरलं, मी घाबरून चारही बोटांनी ब्रेक आवळला, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि मी तसाच पुढं गेलो. कोपर सोललं, चष्मा ढेकळांत. बांधावर बसलेला एक मेंढपाळ सगळं बघत होता. उठून आला, माझ्याआधी सायकल उचलली आणि म्हणाला, "वाट हिकडनं हाय की."

"पुढचा ब्रेक मारशील तर तोंडावर पडशील" हे वाक्य ऐकत आपण सगळे मोठे झालो, आणि मी ते खरंही करून दाखवलं. पण सायकल थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरं थांबवायचं काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा नुसता घसरतो आणि मुरमावर रेघ ओढतो. पुढचा ब्रेक वापरायचा, फक्त आवळायचा नाही. त्यासाठी बोट आधीपासून लिव्हरवर पाहिजे. माझ्या लिव्हर इतक्या लांब होत्या की पकडायला मूठ सोडावी लागायची. अण्णांनी लिव्हरच्या बुडाशी असलेला बारका स्क्रू फिरवून त्या जवळ आणल्या, क्लॅम्प सैल करून थोड्या आत सरकवल्या आणि खाली झुकवल्या, म्हणजे सीटवरून हात सरळ गेला की मनगट मोडत नाही. आता तर्जनी एकटी पुरते. चाकोरी ओलांडायची तर काटकोनात. आत उतरलोच तर खड्ड्याकडे बघायचं नाही, दहा हात पुढं बघायचं, भार मागं, पायडल दोन्ही एका पातळीत. लिहायला सोपं आहे. नजर पाजी असते, ती खड्ड्यातच जाते.

त्या मेंढपाळानं मला आणखी एक शहाणपण मोफत दिलं. जवळच्या रानात आदल्या रात्री सर आली होती आणि मी तिथून पलीकडं जायचा विचार बोलून दाखवला. तो हसला. "वाफसा आला न्हाई अजून. औत घालत न्हाईत, तुमी चाक घालताय." मी घातलं. चाळीस पावलांत दोन्ही चाकं थांबली. काळी माती टायरवर चढते, तिच्यावर आणखी चढते आणि फोर्क व चाक यांच्या फटीत गच्च बसते. पंधरा किलोची सायकल खांद्यावर घेतली तेव्हा वीस-बावीसची झाली असेल, आणि दोन्ही पायांत मातीचे बूट वेगळे. काडीनं माती उकरत बसलो तेव्हा नीट बघितली. बेसाल्ट दगड झिजून झालेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून मनगट जाईल एवढ्या भेगा देते. जवळचाच मुरमाड माळ मात्र पाऊस थांबल्यावर दोन तासांत चालवण्याजोगा होतो. मुरमात पाणी थांबतच नाही. आता पाऊस पडून गेला की मी मातीचा रंग बघून वाट निवडतो. मुरूम ओलसर असताना टायर जसा धरतो तसा वर्षभर कधी धरत नाही. वळणावर सायकल कलती करावी आणि ती तशीच राहावी. असे दिवस सोलापुरात फार नसतात. जून ते ऑक्टोबर मिळून बोटावर मोजण्याइतके.

एकदा अण्णांना मी या सायकलीची जन्मकथा सांगितली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, चहा आला होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही पोरांनी १९३०-४० च्या सुमाराच्या, जाड टायरच्या, भारी वजनाच्या जुन्या सायकली गोळा केल्या आणि डोंगरावरच्या कच्च्या रस्त्यानं खाली सोडल्या. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांची पहिली शर्यत झाली. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरचा उतार, त्यात चारशे मीटर खाली. (एवढं खाली उतरायला सोलापूरकराला किती गावं ओलांडावी लागतील याचा हिशेब मी केला आणि सोडून दिला.) त्या सायकलींना ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, पायडल उलटं मारलं की लागणारा. सबंध उतारभर ब्रेक लावून हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचं, आणि प्रत्येक फेरीनंतर नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. पुढं त्यातल्याच जो ब्रीझनं १९७७ मध्ये या कामासाठी म्हणून वेगळी फ्रेम घडवली, गॅरी फिशर आणि टॉम रिची या मंडळींनी धंदा उभा केला, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत हा खेळ जाऊन पोचला.

अण्णा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे भंगारच की ओ ते."

"भंगारच."

"आन् हब खोलून ग्रीस भरलं, त्याचं नाव पडलं?" त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'येथे सायकल ओव्हरऑइलिंग करून मिळेल.' त्यात हब खोलून, छर्रे रॉकेलनं धुऊन, ग्रीस भरणं आलंच. चाळीस वर्षं. त्यांना यात विशेष काही वाटलं नाही आणि त्यांनी चहाचा कप पोऱ्याकडे दिला.

सराट्यांचा बंदोबस्त त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केला. जुनी ट्यूब लांबीनं उभी कापली, तिची पट्टी टायरच्या आत गोल फिरवली आणि तिच्यावर नवी ट्यूब. सायकल जड झाली, वळायला थोडी मंद झाली. शिवाय ट्यूबच्या व्हॉल्व्हमधली पिन काढून आत सीलंट भरला. हा चिकाचा पांढरा द्राव काटा लागला की भोकात जाऊन घट्ट होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो लवकर सुकतो, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं. काटा रुतलेला दिसला तर वाटेत उपटायचा नाही, हे मी उशिरा शिकलो. तो आहे तोवर भोकाला बूच असतो. आपण माणुसकी दाखवून काढला की हवा सुस्कारा टाकते. आणि हवा ३२ ते ३५. त्याखाली गेलो की दगडाच्या धारेवर टायर रिमपर्यंत चेपतो आणि ट्यूबला साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्यावर गेलो की मुरमावर सायकल टाळ वाजवत जाते आणि हातांना मुंग्या येतात. मी गेज विकत घेतलं. अण्णा अंगठ्यानं दाबून बघतात. दोघांत आजवर तीन पीएसआयपेक्षा जास्त मतभेद झालेला नाही.

ज्वारी काढल्यावरची धसकटं मात्र यातल्या कशालाच जुमानत नाहीत. ताटं कापताना तिरका कोयता बसतो आणि जमिनीतून वीतभर भाला उभा राहतो. तो टायरच्या बाजूला शिरतो, जिथं रबर पातळ असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रिकामं रान बघून आडवं जायचा मोह होतो, तेव्हा तो आवरावा. एक टायर गेल्यावर मी आवरतो.

राहिला फोर्क. माझ्या फोर्कला १०० मिलिमीटरची चाल आहे, म्हणजे तो तेवढा दबू शकतो, आत स्प्रिंग. आपण नुसते सायकलवर बसलो की त्यातला साधारण चौथा भाग दबलेला असावा, म्हणजे चाक खड्ड्यात उतरायलाही थोडी जागा राहते. हे मोजायला चांगल्या फोर्कच्या नळीवर रबराची कडी असते. माझ्या फोर्कला ती नव्हती. मी अंगणात बसून इन्सुलेशन टेप गुंडाळत होतो आणि ती सरकत नव्हती.

बाबा ओट्यावर बसले होते. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. मिलचा भोंगा बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी सकाळी भोंग्याच्या वेळेलाच उठतात. सायकल आली त्या दिवशी त्यांनी पाच प्रश्न विचारले होते: स्टँड कुठंय, घंटी कुठंय, मडगार्ड कुठंय, कॅरिअर कुठंय, कुलूप कुठंय. पाचही उत्तरं 'नाही' आल्यावर म्हणाले होते, "मग आहे काय?" त्यानंतर त्यांनी तिच्यात रस घेतला नव्हता.

"काय करतोयस?"

मी सांगितलं. ते आत गेले. आले तेव्हा हातात टॉवेलच्या सुताची गुंडी होती, शेजारच्या कारखान्यातून आईनं वाती वळायला आणलेली. खाली बसले, गुडघा वाजला, एक शिवी दिली. सूत नळीभोवती फिरवलं, दोन टोकं डाव्या हाताच्या चिमटीत एकमेकांवर आडवी धरली, उजव्या अंगठ्यानं एक फेरा घातला आणि ओढलं. मी बघत होतो तरी मला दिसलं नाही. मागावर तुटलेली तार जोडायची गाठ. एवढी बारीक की नखाला लागत नव्हती. मिलमध्ये एका पाळीत अशा किती मारत असतील ते मी विचारलं. "मोजत बसलो असतो तर मारल्या असत्या का?" म्हणाले.

दोरा रबरी सीलला टेकवून ठेवला, मी हळूच बसलो, हळूच उतरलो. सीलपासून दोऱ्यापर्यंत चौतीस मिलिमीटर. स्प्रिंगचा नॉब पाहिजे तेवढा आवळला, एकोणतीसवर आली. त्याखाली येईना. बाबांनी माझ्या पोटाकडे बघितलं. बोलले नाहीत.

दोरा मी काढला नाही. पांढरा होता तो आता मुरमाच्या रंगाचा झालाय. चालवताना फोर्क जास्तीत जास्त जिथवर दबतो तिथवर तो वर सरकतो आणि तिथंच थांबून राहतो. म्हणजे मी किती जोरात आदळलो याची नोंद नळीवर राहते. हे माझ्या आधी बाबांच्या लक्षात आलं. आता रविवारी मी घरात शिरतो, हेल्मेट काढायच्या आत ते ओट्यावरून उठून सायकलपाशी वाकलेले असतात.

"आज गाठ पार वर गेलीय. कुठं आपटलास?"

"कुठं नाही."

ते दोरा नखानं खाली सरकवतात, सीलला टेकवतात आणि जेवायला चल म्हणतात.